बसवलेला ठराव

वनविभागाच्या त्या तालुका कार्यालयात अठ्ठावीस वर्षे बैठकांची इतिवृत्ते लिहिणाऱ्या बाईंना सारेजण लेखनिकबाई म्हणत. हे बिरुद त्यांना इतके शोभत असे, की त्यांचे मूळ नाव हजेरीपत्रकावाचून अन्यत्र कोठे उरले असेल, असे कोणास वाटत नसे. त्यांचे टेबल खिडकीशी होते. टेबलाच्या काचेखाली रजेचे नियम, डाव्या हाताला आवक-जावक नोंदवही, उजव्या हाताला शाईची दौत. कारण बाई अद्याप शाई भरायच्या पेनानेच लिहीत. लिहिण्याकडे त्या एखाद्या व्रताप्रमाणे पाहत. खाडाखोड झाली तर अख्खे पान पुन्हा लिहून काढत, आणि चुकलेल्या पानाचे चार तुकडे करून मगच टोपलीत टाकत. अशा या बाईंच्या हातून एका गुरुवारी एक शून्य लिहिले गेले, आणि त्या शून्याने पश्चिम उतारावरचे सगळे रान गिळण्यासाठी आ वासला.

ते कसे घडले हे समजण्यासाठी त्या रानाची आणि रानाभोवतीच्या माणसांची रीत आधी समजली पाहिजे.

रानाभोवती पाच वस्त्या. एक वरची, एक खिंडीतली, एक ओढ्याची आणि दोन खालच्या. अकरा वर्षांपूर्वी दोन वस्त्यांच्या नेमक्या हद्दीवर वणवा लागला. ही वस्ती म्हणाली, आग त्यांच्या बाजूला आहे; ती म्हणाली, यांच्या. दोन दिवस रान जळत राहिले आणि दोन्हीकडची माणसे आपापल्या सीमेवर झाडाच्या फांद्या हातात घेऊन, शेजाऱ्याची वाट पाहत उभी राहिली. राख निवल्यावर पाचही वस्त्यांना स्वतःची लाज वाटली. त्या लाजेतून एक साखळी जन्मली. वरच्या वस्तीने ओढ्याचे रान राखायचे, ओढ्याने खिंडीचे, खिंडीने खालच्यांचे, खालच्यांनी वरच्या वस्तीचे, आणि दरवर्षी ही राखण एकेक कडी पुढे सरकायची. आपल्या झाडांची मोजणी शेजाऱ्याने करायची. तोडायच्या झाडावर खुणेचा घाव शेजाऱ्यानेच घालायचा. स्वतःच्या रानाकडे माणूस मालकाच्या डोळ्याने पाहतो आणि दुसऱ्याच्या रानाकडे साक्षीदाराच्या, हे त्यांना त्या दोन दिवसांनी शिकवले होते.

महिन्यातून एकदा पाच वस्त्यांचे प्रमुख कातळाच्या सपाटीवर जमत आणि पुढच्या महिन्याची तोड ठरवत. आरंभीच्या बैठकांत मात्र ‘नाही’ हा शब्द कोणी उच्चारला, की सभा उधळलीच म्हणून समजावे. खालच्या दोन वस्त्यांचे प्रमुख नात्याने एकमेकांचे व्याही. एका वठलेल्या झाडावरून एकाने दुसऱ्याला तोंडावर ‘नाही’ म्हटले. त्यावरून दोघांनी एकमेकांच्या पूर्वजांचा असा काही उद्धार केला, की बिचाऱ्या लेकीला माहेरची वाट दीड वर्ष बंद झाली. तेव्हा खिंडीतल्या वस्तीचे प्रमुख, ज्यांचे सारे आयुष्य करवत ओढण्यात गेले होते आणि ज्यांना सगळे करवते आजोबा म्हणत, त्यांनी तोडगा काढला. ते म्हणाले, “ज्याला मान्य असेल त्यानं तोंड उघडून ‘मान्य’ म्हणावं. ज्याला नसेल त्यानं गप्प बसावं. का बसला, ते कोणी विचारायचं नाही. पाचांनी ‘मान्य’ म्हटलं तर झाड पडेल, नाही तर उभं राहील.”

तेव्हापासून त्या सपाटीवर कोणाचा पाणउतारा झाला नाही. गप्प बसून नाकारलेल्या प्रस्तावाला ते म्हणत, ‘बसवला’. अमक्याचा प्रस्ताव गेल्या महिन्यात बसवला, असे सहज बोलले जाई आणि ऐकणाऱ्याला रागही येत नसे.

वरच्या वस्तीच्या प्रमुख होत्या लेखनिकबाईंच्या सख्ख्या थोरल्या भावाच्या पत्नी. लेखनिकबाई त्यांना वहिनी म्हणत आणि वहिनी यांना वन्सं. बाईंचे लग्न होऊन त्या तालुक्याच्या गावी आल्या तेव्हा ही साखळी अस्तित्वात नव्हती. तिच्या रीतीभाती त्यांना ठाऊक होत्या, त्या वहिनींच्या गप्पांतून. घरातल्या एखाद्या गमतीदार गोष्टीसारख्या.

आता गुरुवारची हकिकत. विभागाने त्या वर्षी संयुक्त वनव्यवस्थापन समिती स्थापिली होती. पाच वस्त्यांचे पाच प्रमुख, अध्यक्ष म्हणून वनाधिकारी, शिवाय रोपवाटिकेचे अधीक्षक, रस्तेबांधणीचे अभियंता आणि लाकूडगिरणीचा प्रतिनिधी, असे नऊ सभासद. वनाधिकारी तरुण होते, कष्टाळू होते आणि मनाने वाईट नव्हते. पश्चिम उतारावरचे जुने रान एकदम तोडून तेथे बारा वर्षांत तयार होणारी एकाच जातीची झाडे लावावीत, अशी योजना त्यांनी फार परिश्रमाने आखली होती. तिचे सगळे कोष्टक त्यांना तोंडपाठ होते. पाचही वस्त्यांचे पाणी त्याच उताराच्या मुळांतून झिरपत येते, एवढी एकच गोष्ट त्या कोष्टकात कोठे नव्हती.

त्यांनी तासभर योजना वाचली, भिंतीवर चित्रे दाखवली आणि नम्रपणे विचारले, “कोणाची काही हरकत?”

पाचही जण कणा ताठ करून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, समोर पाहत बसले. दोन व्याही, जे एरवी पाण्याच्या पेल्यावरूनही वाद घालत, तेसुद्धा तोंडात गुळणी धरल्यासारखे स्तब्ध. साहेबांनी दुसऱ्यांदा विचारले. तिसऱ्यांदा विचारले. खोलीत पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. अकरा वर्षांत इतका कडक, इतका एकदिलाने दिलेला नकार त्या साखळीने कोणालाच दिला नव्हता.

बैठक सुटल्यावर दारातून बाहेर पडता पडता वहिनी लेखनिकबाईंच्या कानाशी लागल्या. त्यांचे डोळे नुसते चमकत होते. “वन्सं, बसवला बरं का!”

त्याच क्षणी आतून साहेबांचा आवाज आला. “बाई, तेवढा ठराव नमुन्यात बसवा आणि आजच्या टपालात टाका.”

दोन तोंडांतून एकच क्रियापद आले, आणि अठ्ठावीस वर्षांची सवय असलेला हात साहेबांच्या तोंडाचे ऐकून मोकळा झाला. बाईंनी छापील नमुना पुढे ओढला. ‘नोंदविलेल्या हरकतींची संख्या’ असा चौकोन होता. हरकत कोणी उच्चारली नव्हती. बाईंनी गोल, देखणे शून्य काढले. त्याखाली छापलेलेच होते, की संख्या शून्य असल्यास ठराव सर्वानुमते मंजूर झाला असे समजावे. साहेबांची सही झाली. चारच्या टपालाने पाकीट वरिष्ठांकडे रवाना झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी वणव्याच्या पाळीचा तक्ता घेऊन कार्यालयात आल्या. दारातूनच म्हणाल्या, “वन्सं, आहात का जागेवर? की साहेबांनी तुम्हालाही फायलीत बांधून ठेवलं?”

“या वहिनी, बसा. आज लवकर?”

“आजोबांनी पिटाळलं. म्हणाले, जा, तुझ्या वन्संनी कालचं काय लिहिलंय ते ऐकून ये. जन्मभर करवत ओढली त्यांनी. आपला नकार कागदावर कसा दिसतो ते त्यांना ऐकायचंय.”

बाईंनी कौतुकाने स्थळप्रत काढली, चष्मा सारखा केला आणि वाचू लागल्या. स्थळ, वेळ, उपस्थिती. मग, “नोंदविलेल्या हरकतींची संख्या, शून्य. सबब सदर ठराव...” येथे त्यांचा आवाज अडला. पुढची ओळ त्यांनी आयुष्यात हजार वेळा वाचली असेल. ती त्या दिवशी प्रथमच त्यांच्या डोळ्यांना दिसली.

“पुढं?” वहिनी म्हणाल्या.

“सर्वानुमते मंजूर.”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळ्यांनी हो म्हटलं.”

“कोण सगळे? आम्ही पाचजण तर कातळासारखे बसलो होतो! ओढ्याच्या पाटलीणबाईंना खोकल्याची उबळ आली होती, तीसुद्धा गिळली त्यांनी, की उगाच कोणाला होकार वाटायला नको!”

“मला ठाऊक होतं, वहिनी,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “ठाऊक असून लिहिलं. हाताला सवय आहे.”

वहिनींनी हातातल्या तक्त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, “तुमचं लग्न व्हायच्या आधी, मी नवी नवरी असताना, तुम्ही माझ्या आमटीत गुपचूप दुसऱ्यांदा मीठ टाकलं होतंत. सगळ्या घरानं मला नावं ठेवली. ते मी कधीच सोडून दिलं. हे नाही सोडायची, वन्सं. पुढच्या उन्हाळ्यात पाच वस्त्यांच्या बाया रिकामी भांडी घेऊन तुमच्या या टेबलासमोर येऊन उभ्या राहतील. तेव्हा घाला त्यांच्या भांड्यात तुमचं शून्य.”

एवढे बोलून त्यांनी पाळीचा तक्ता टेबलावर ठेवला, त्याची पोच मागितली आणि पोच घेऊनच त्या गेल्या. बाई मात्र तशाच उठल्या आणि साहेबांच्या खोलीत शिरल्या.

“साहेब, कालचं इतिवृत्त चुकलंय.”

वनाधिकाऱ्यांनी मान वर केली आणि ते हसले. “तुमचं? अठ्ठावीस वर्षांत कधी चुकलं नाही म्हणतात.”

“म्हणूनच चुकलं.” बाईंनी त्यांना साखळीची रीत सांगितली, गप्प बसणे म्हणजे काय, हे सांगितले. साहेबांनी सारे लक्ष देऊन ऐकले. शेवटी त्यांनी विचारले, “काल कोणी तोंडानं हरकत घेतली होती का?”

“नाही.”

“मग तुमचं शून्य खरं की खोटं?”

“खरं.”

“मग चूक कुठे आहे?”

“शून्याच्या खालच्या ओळीत.”

“ती छापलेली आहे, बाई.”

“छापली म्हणून ती खरी होत नाही, साहेब.”

साहेबांनी पेन खाली ठेवले. “हे पाहा. लोकांनी एकमुखानं मान्यता दिलेली विभागातली ही पहिली समिती. मी कालच फोननं वर कळवलं; अभिनंदनाचाही फोन येऊन गेला. येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी यंत्रं येतील. हरकत असेल तर हरकत म्हणावं, एवढी सोपी गोष्ट आहे. गप्प बसलेल्या माणसाच्या पोटात काय आहे ते सरकारनं कसं ओळखायचं? आणि ‘मी चुकीचं लिहिलं’ असं तुम्ही कागदावर दिलंत, तर मला तुम्हालाच कारणे दाखवा नोटीस काढावी लागेल. निवृत्तीला किती, पाच महिने राहिलेत ना?”

“साडेचार,” बाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

जागेवर येऊन त्यांनी लोखंडी कपाट उघडले आणि समितीच्या कामकाजाची नियमावली काढली. ती त्यांनीच टंकलिखित केली होती. पण टंकलेखन करणारा मनुष्य शब्द पाहतो, वाक्य क्वचितच वाचतो. आता त्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून, पोथी वाचावी तशा वाचू लागल्या. कलम अकरा असे होते, की पाच सभासदांनी लेखी मागणी केल्यास अध्यक्षांनी तीन दिवसांच्या आत बैठक बोलवावी. कलम चौदा असे, की प्रत्येक इतिवृत्त पुढील बैठकीत वाचून बहुमताने कायम करावे आणि कायम होईतो त्यावर अंमल करू नये. बाईंनी ते कलम तीनदा वाचले. इतकी वर्षे कार्यालयातल्या प्रत्येक बैठकीच्या आरंभी मागचे इतिवृत्त कायम होत आले होते, ते कोणी ऐकतही नसे. त्या वेळी सभासद खुर्च्या सरकवून नीट बसून घेत. कोणाची हरकत नाही ना, असे अध्यक्ष छताकडे पाहून विचारत आणि पुढच्या विषयाकडे वळत.

रविवारी बाई वर गेल्या. कातळाच्या सपाटीवर पाचही प्रमुख त्यांना भेटले. वहिनी दुसरीकडे तोंड करून बसल्या होत्या. बाईंनी प्रथम सगळ्यांसमोर हात जोडले आणि आपली चूक आपल्या तोंडाने सांगितली. तीवर कोणतेही पांघरूण घातले नाही. मग मागणीपत्र पुढे केले. पाच सह्या झाल्या. येथवर सारे सुरळीत पार पडले.

“आता एवढंच करा,” बाई म्हणाल्या. “बैठकीत साहेब विचारतील, हरकत आहे का. पाचांनीही मोठ्यानं म्हणा, ‘आहे’. एक शब्द. विषय संपला.”

पाचही जण एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी करवते आजोबा खाकरले. “ते नाही जमायचं, बाई.”

“का पण?”

“अकरा वर्षं झाली. कोणी कोणाला तोंडावर नाही म्हटलेलं नाही. त्या साहेबालाही म्हणणार नाही. तोही आता समितीत बसतो आमच्याबरोबर. म्हणजे साखळीतलाच झाला. त्याला एक न्याय आणि आम्हाला दुसरा, असं कसं?”

खालच्या वस्तीचे थोरले व्याही तत्परतेने म्हणाले, “आणि माझं एक ऐका. हे आमचे व्याही एकदा तिथं मोठ्यानं ‘हरकत आहे’ म्हणाले, की त्यांच्या जिभेला चव लागेल. पुढच्या महिन्यापासून इथंही सुरू. मग आमची सूनबाई पुन्हा दीड वर्ष माहेरचं तोंड बघणार नाही.”

“माझ्या जिभेला?” धाकटे व्याही उसळले. “अहो, तुमची जीभ तर...”

“बघितलंत?” थोरले व्याही बाईंकडे वळून शांतपणे म्हणाले. “अजून म्हटलंही नाही, तर ही स्थिती.”

सगळे हसले, बाईंना मात्र हसू आले नाही. “अहो, आठ दिवसांत यंत्रं येतील! झरे आटतील! रीत राखून रान गेलं तर ती रीत काय चाटायची?”

तेव्हा वहिनींनी तोंड फिरवले. त्यांच्या आवाजात शुक्रवारचा राग नव्हता. पण तो आवाज तसूभर हलायला तयार नव्हता. “वन्सं, रान उभं आहे ते आमच्या पहाऱ्यामुळे नाही. पहारे सगळ्या गावांत असतात आणि सगळ्या गावांतली रानं गेली. आमचं राहिलं, कारण पाच वस्त्या अजून एकमेकींशी बोलतात. बोलतात, कारण कोणी कोणाला खाली पाहायला लावत नाही. साहेबासाठी आज ते मोडलं, तर उतार वाचेल आणि दोन वर्षांत बाकीचं सगळं रान आम्ही आपसात भांडून संपवू. आम्ही नाही म्हटलंय. तीनदा विचारलं, तीनदा म्हटलं. त्यांना ऐकू येत नसेल तर कान त्यांचे तपासा. आमची जीभ कशाला तपासता?”

बाई खाली उतरल्या त्या विचारात गढूनच. वाट दोन कोसांची होती. बरेच अंतर त्यांनी मनातल्या मनात वहिनींशी भांडण्यात घालवले. उतार संपून सपाट रस्ता लागला, तशी भांडणातली स्वतःची बाजू त्यांना लंगडी दिसू लागली. हे लोक उत्तर बदलणार नाहीत, आणि त्यांनी ते बदलू नये. मग बदलायचे काय? कलम चौदामधला एक शब्द त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येऊ लागला. बहुमत. बाईंनी चालता चालता त्याची फोड केली. बहु, म्हणजे पुष्कळ. मत, म्हणजे दिलेले मत. न दिलेल्या हरकतींची मोजदाद म्हणजे बहुमत नव्हे. अठ्ठावीस वर्षे अध्यक्ष चुकीचा प्रश्न विचारत आले होते आणि त्याचे उत्तर त्या सुवाच्य अक्षरात लिहीत आल्या होत्या.

सोमवारी सकाळी मागणीपत्र आवक नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर चढले. वनाधिकाऱ्यांनी ते वाचले आणि खांदे उडवले. “घ्या बैठक. बोलू देत त्यांना. बोलले तर मी स्वतः लिहायला सांगेन.” ते बोलणार नाहीत हे आता त्यांना ठाऊक झाले होते. ते बाईंनीच त्यांना सांगितले होते.

गुरुवारी दुपारी बैठक भरली. पाच प्रमुख आपापल्या जागी ताठ बसले. गिरणीचा प्रतिनिधी नेहमीसारखा हसतमुख होता. कार्यालयातले शिपाईही त्याला हसरा म्हणत. लेखनिकबाईंनी मागचे इतिवृत्त पहिल्यापासून शेवटपर्यंत, शून्यासकट, स्वच्छ आवाजात वाचले.

साहेबांनी छताकडे पाहिले. “इतिवृत्त कायम करण्यास कोणाची हरकत?”

पंखा घरघरत होता. आजोबांनी हात गुडघ्यांवर ठेवले. साहेब वळून म्हणाले, “लिहा बाई, कायम.”

बाईंनी पेनाचे टोपण लावले.

“लिहिता येत नाही, साहेब. अजून कायम झालेलं नाही.”

“हरकत कोणाची आहे?”

“मला ठाऊक नाही. आणि नियमात हरकत विचारायला सांगितलेलंच नाही. कलम चौदा. ‘बहुमताने कायम करावे’. बहुमत बाजूचं मोजतात. बाजूनं कोण आहे ते विचारा; मी मोजते.”

“नमुन्यात हरकतींचा चौकोन आहे ना?” साहेब म्हणाले.

“नमुना छापखान्यातून आलाय. नियमावलीवर तुमची सही आहे.”

हसऱ्याचे हसू किंचित आकसले. “माफ करा, पण बाईंना या समितीत मत आहे का?”

“नाही,” लेखनिकबाई म्हणाल्या. “मत तुम्हा नऊ जणांना. मोजणी माझी.”

आजवर त्या खोलीत त्यांच्या तोंडून ‘सही करावी’ आणि ‘पान मागे आहे’ यांवाचून तिसरे वाक्य कोणी ऐकले नव्हते. साहेबांनी नियमावली मागवली. कलम वाचले. खालची स्वतःची सही पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथम संताप आला, मग काहीतरी हिशेब आला, आणि सरतेशेवटी त्यांनी, आपण किती न्यायी आहोत हे दाखविण्याच्या स्वरात, विचारले, “ठीक आहे. कायम करण्याच्या बाजूनं कोण?”

“मी,” हसरा म्हणाला.

“हो,” रस्त्यांचे अभियंता म्हणाले.

“माझंही,” साहेब म्हणाले.

सगळ्यांच्या माना रोपवाटिकेच्या अधीक्षकांकडे वळल्या. त्या गरीब गृहस्थांनी समोरच्या पाच ताठ कण्यांकडे पाहिले, साहेबांकडे पाहिले, आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. “माझं काय ते... मी जरा नंतर सांगतो,” ते पुटपुटले.

“नंतर नियमात नाही,” बाई म्हणाल्या. त्यावर ते चष्मा पुसतच राहिले.

पुढे कोणीच बोलले नाही. आठवड्यापूर्वीची तीच शांतता त्या खोलीत उतरली. तीच माणसे होती, त्याच खुर्च्या होत्या. ओढ्याच्या पाटलीणबाईंनी या खेपेस मनसोक्त खोकून घेतले. कोणाच्याही ओठांतून ब्र निघाला नाही.

“तीन,” लेखनिकबाई म्हणाल्या. “नवांपैकी तीन. इतिवृत्त कायम झालेलं नाही. अंमल करता येत नाही.”

“तहकूब लिहा,” साहेब म्हणाले.

“तहकूब झालेलं नाही. पडलंय.”

“बाई!” साहेब उठून उभे राहिले. त्यांचा आवाज आता कोणाला ऐकू जाईल याची त्यांना फिकीर नव्हती. “तुम्ही कोणाच्या बाजूला बसला आहात? माझ्या टेबलाशी बसून यांची वकिली करता? उद्यापासून तुम्ही अभिलेख कोठडीत. या समितीचा हा तुमच्या हातचा शेवटचा कागद असेल, एवढं लक्षात ठेवा.”

बाईंनी टोपण काढले, निब कागदाच्या कडेवर हलकेच टेकवून पाहिली. शाई उतरत होती.

“मग चांगल्या अक्षरात लिहिते,” त्या म्हणाल्या.

छापील नमुना त्यांनी बाजूला सारला आणि कोरा ताव पुढे ओढला. वर दिनांक घातला. मग एकेक सभासदाचे नाव लिहून त्यापुढे, जो बोलला त्याचा शब्द आणि जो बोलला नाही त्याच्यापुढे ‘संमती दिली नाही’, असे सावकाश लिहीत गेल्या. अधीक्षकांच्या नावापुढे आल्यावर त्यांनी वर पाहिले. अधीक्षकांचा चष्मा पुसून झाला होता. त्यांनी मान खाली घालून, पण पुरेशा स्पष्टपणे, सांगितले, “तसंच लिहा. यांच्यासारखं.”

साहेब उभेच होते. बाईंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी सही केली नाही. बाईंनी तो परत घेतला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, की अध्यक्षांस स्वाक्षरीसाठी सादर केले असता त्यांनी स्वाक्षरी केली नाही. त्यावर वेळ घातली, तीन वाजून चाळीस मिनिटे, आणि आपली सही केली. त्याच्या तीन प्रती केल्या. एक वरिष्ठ कार्यालयास, एक गिरणीस, एक पाच वस्त्यांस.

“चारचं टपाल जायचंय,” त्या खुर्ची मागे सरकवत म्हणाल्या. “वहिनी, तुमची प्रत हातीच देते. पोच द्या.”

वहिनींनी कागद घेतला, न वाचताच आजोबांच्या हाती दिला आणि पोचवहीत आपले नाव लिहू लागल्या. त्यांचे अक्षर फार वाईट होते.

“आजोबांना वाचून दाखवा, वन्सं,” लिहिता लिहिता त्या म्हणाल्या. “सगळं दाखवा. त्या सही न केलेल्या ओळीसकट.”

लेखनिकबाई उभ्या राहिल्या आणि साहेबांच्या समोरच, पहिल्या ओळीपासून, मोठ्याने वाचू लागल्या.